तंबाखूचा पैसा, तंबाखूपलीकडे



निपाणीच्या वखारींचा उग्र दर्प ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना हे राज्य फारसे परके वाटू नये. तेथील पूर्वेकडच्या जिल्ह्यांत शेत, लिलावघर आणि बँकेचे कर्ज ही सारी पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूच्या पानावर चालत. १९३० च्या दशकापासून सरकारने पिकाचा कोटा ठरवून दिला होता. हा कोटा म्हणजे जवळजवळ वतनच. तो भाड्यानेही देता येई.

नोव्हेंबर १९९८ मध्ये बड्या सिगारेट कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली आणि धूम्रपानजन्य रोगांवरील सरकारी खर्चापोटी दरवर्षी भरपाई देण्याचे मान्य केले. नॉर्थ कॅरोलिनाने १९९९ मध्ये आपल्या वाट्याचा निम्मा भाग ‘गोल्डन लीफ फाउंडेशन’ या नव्या धर्मादाय संस्थेकडे वळवला. तंबाखूवर विसंबलेल्या गावांना दुसरा आधार मिळावा, हा हेतू. गंमत अशी की, भरपाईची रक्कम सिगारेटच्या खपाशी बांधलेली. व्यसन घटेल तसा मदतीचा झराही आटणार!

संस्थेची अनुदाने मुख्यतः सार्वजनिक व सेवाभावी संस्थांना मिळतात. महाविद्यालयांतून जैवतंत्रज्ञानाचे प्रशिक्षण सुरू झाले, हे काम निःसंशय मोलाचे. २००८ मध्ये मात्र किन्स्टन येथील विमानांच्या सुट्या भागांच्या एकाच कारखान्यासाठी तब्बल १० कोटी डॉलर मंजूर झाले. हजारावर नोकऱ्यांचे आश्वासन होते. ठरल्या मुदतीत ते पुरे झाले नाही. एवढी रक्कम एकाच ठिकाणी गुंतवणे हे धाडसच म्हणावे लागेल.

त्याहून बोचणारी गोष्ट निराळी. २००४ च्या कायद्याने कोटापद्धती संपवली, तेव्हा मोबदला मिळाला तो कोटाधारकांना आणि उत्पादकांना. पाने खुडणाऱ्या मजुराला, आणि त्यांत मेक्सिकोहून येणारे पुष्कळ, त्यात वाटा नव्हता. निपाणीकरांना हा भेद समजावून सांगायला नको. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखला गेला तो शेतकऱ्याच्या भावासाठी. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांना आपल्या मजुरीसाठी वेगळे झगडावे लागले.

नॉर्थ कॅरोलिनात आज रताळ्याचे पीक अमेरिकेत सर्वाधिक निघते. तंबाखूचेही तेथेच.