टाचणात नसलेला प्रश्न

भावी शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काही जण पुढे शाळा-महाविद्यालयांत एनसीसीचे अधिकारी व्हाल. कामठी आणि ग्वाल्हेरच्या अकादमींत तुम्हाला ड्रिल, शस्त्र, नकाशा सगळं शिकवतील. मला बोलायचं आहे ते तिथून परतल्यावरच्या कामाबद्दल.

1948 मध्ये सुरू झालेली एनसीसी चीनच्या युद्धानंतर महाविद्यालयांत सक्तीची झाली. 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. म्हणजे आज समोर उभा असलेला कॅडेट मनानं आलेला असतो. त्याला तुम्ही फळ्यावरच्या व्याख्या उतरवून घ्यायला लावणार का?

‘सावधान’ म्हटलं की टाचा जुळल्याच पाहिजेत. तिथं नवं काही करू नका. पण अंतराचा अंदाज हा पाठ घ्या. धावपट्टीचे 100 मीटर डोळ्यांत साठवायला सांगा आणि समोरच्या झाडापर्यंत ते किती वेळा मावतात, ते विचारा. प्रत्येकाचा आकडा लिहून घ्या, मग सगळे मिळून पावलं मोजत जा. हेच सूर्य पाठीशी ठेवून करा, संध्याकाळी सूर्य डोळ्यांवर घेऊन करा, जमिनीवर पालथं पडून करा. लख्ख उजेडात झाड जवळ भासतं, अंधूक प्रकाशात लांब जातं. मध्ये नजरेआड घळ असेल, तर ते फसवं जवळ दिसतं. ‘सर, असं का?’ हे कॅडेटनं विचारेपर्यंत उत्तर सांगू नका. आपल्याला, शिक्षकांना, हे गप्प राहणंच सर्वांत जड जातं.

नकाशाचंही तेच. 1:50,000 च्या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर, हे पाठ होतं. समोच्च रेषा मात्र डोक्यावरून जातात. गावाजवळची टेकडी वाळूत उभारू द्या. सारख्या उंचीवर दोरे गुंडाळून वरून पाहायला सांगा. दोरे जिथं दाटलेत तिथं चढ उभा, हे मुली-मुलंच तुम्हाला सांगतील. मग रविवारी त्यांना त्याच टेकडीवर न्या आणि वाट त्यांनाच निवडू द्या. चुकली तरी चुकू द्या, फक्त लक्ष ठेवा.

प्राचार्य महोदय, एक मागणं आहे. सराव पाठ तपासताना टाचणाची मांडणी आपण पाहतोच. विद्यार्थी-शिक्षकानं मुलांना विचारात पाडणारा एक तरी प्रसंग स्वतः रचला आहे का, यालाही गुण द्या. या वर्षीच्या सराव पाठांपासूनच सुरुवात करता येईल. निरीक्षणाला बोलावलंत, तर मी आनंदानं येईन.