कावीळ दिसण्याची वाट पाहू नका

आज पदवी स्वीकारणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

शिक्षणाने तुम्हाला ऐकीव गोष्टीपेक्षा पुराव्यावर विश्वास ठेवायला शिकवले असेल, या भरवशावर आज एकच गोष्ट सांगायची आहे. यकृताचा कर्करोग बऱ्याच अंशी टाळता येतो. पण त्यासाठी अंगात काहीही दुखत-खुपत नसताना रक्त तपासून घ्यावे लागते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पावसाळा आला, नळाला गढूळ पाणी आले, की घरोघरी काविळीची धास्ती असते. ती रास्तच आहे. दूषित पाण्यातून हिपॅटायटीस ए आणि ई पसरतात; डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अन्नाची वासना जाते. ई प्रकार गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो, पण एरवी बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात आणि हे दोन विषाणू कर्करोग मागे ठेवत नाहीत. कर्करोगाकडे नेणारे बी आणि सी हे विषाणू रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला मिळतात. डोळे पिवळे न करता ते वीस-तीस वर्षे यकृत पोखरत राहतात. १९८२च्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना दिलेल्या रक्तातून बी विषाणू त्यांच्या शरीरात गेला. तो कळेपर्यंत अनेक वर्षे लोटली होती आणि यकृताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेल्या माणसालाही जो आजार जाणवला नाही, तो आपल्याला आपोआप जाणवेल असे मानणे धोक्याचे आहे.

कर्करोगाशी असलेले हे नाते केवळ अंदाजाचे नाही. तैवानमध्ये बावीस हजारांहून अधिक पुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. रक्तात बी विषाणू असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशेहून अधिक पट असल्याचे १९८१मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच देशाने १९८४मध्ये नवजात बालकांना बी-ची लस द्यायला सुरुवात केली आणि दहा-बारा वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. लसीने कर्करोग टळतो याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? जन्मताना लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम करतो. प्रौढपणी लागण झाली तर शंभरातल्या पाचांहूनही कमी जणांत. म्हणूनच जन्मानंतर चोवीस तासांच्या आतला पहिला डोस इतका मोलाचा आहे. आता आपल्याकडचे वास्तव पाहा. आपल्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोहोचली ती २०११मध्ये. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म त्याआधीचा. कुणाला खासगी दवाखान्यात ती मिळाली असेल, कुणाला नसेलही.

आपल्या उल्हासनगरला हा विषय आणखी जवळचा आहे. फाळणीनंतर इथल्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचा वारसा इतर अनेक समाजांपेक्षा अधिक आढळतो. त्या आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, म्हणजे रक्ताच्या शुद्धतेवर त्यांचे आयुष्य अवलंबून असते. आपल्या देशात रक्तपेढ्यांत सी-ची तपासणी सक्तीची झाली ती २००१मध्ये. त्याआधी रक्त घेतलेल्या प्रत्येकाने तपासणी करून घ्यायला हवी. सुईचेही तसेच. २००९मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने बी-ची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. तेव्हा इंजेक्शनची सुई, सलूनमधले ब्लेड आणि गोंदवण्याची सुई नवी आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की, मंत्राने किंवा माळेने कावीळ उतरते, मग तपासणी कशाला? ए आणि ई बहुधा आपसूक बरे होतात, आणि श्रेय मात्र माळेला मिळते. बी आणि सी असलेला माणूस त्याच विश्वासावर निर्धास्त राहतो आणि उपचाराची वर्षे हातची जातात. दुसरा आक्षेप दारूचा. यकृत दारूने बिघडते, आम्ही तर पीत नाही, असे लोक म्हणतात. दारूने यकृत बिघडते हे खरेच, पण थेंबही न घेणाऱ्याला विषाणू सोडत नाही; आणि विषाणू असताना दारू घेतली तर नुकसान अधिक वेगाने होते. तिसरा आक्षेप सर्वांत मानवी आहे: अहवाल पॉझिटिव्ह आला तर नोकरीचे काय, लग्नाचे काय? ही भीती खोटी नाही. पण एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, शेजारी बसून काम केल्याने बी-सी पसरत नाहीत. जोडीदाराला बी-ची लस देता येते, होणाऱ्या बाळालाही वाचवता येते. सी बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांत पूर्ण बरा होतो. बी सहसा मुळापासून जात नाही, तरी गरज असलेल्यांना रोजच्या एका गोळीने आटोक्यात ठेवता येतो, आणि धोका असलेल्यांच्या सहा महिन्यांनी होणाऱ्या सोनोग्राफीत गाठ लहान असतानाच सापडू शकते. न तपासल्याने विषाणू जात नाही. फक्त हे सगळे मार्ग एकेक करून बंद होत जातात. राहिला प्रश्न खर्चाचा, तर २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांना बी-ची जुनाट लागण होती. जगभरात मात्र अशा शंभर जणांपैकी तेराच जणांचे निदान झालेले होते. ही दरी डॉक्टर एकटे बुजवू शकणार नाहीत. म्हणून या महिन्यातच मध्यवर्ती रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन बी आणि सी या दोन्ही तपासण्यांची चौकशी करा. बी-चा अहवाल निगेटिव्ह आला आणि लस झालेली नसेल तर तिचे तीनही डोस पूर्ण करा. कोणताही अहवाल पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरांना भेटा, गरज असल्यास उपचार सुरू करा आणि घरच्यांनाही तपासायला न्या. उद्या तुम्ही कारखान्यात, दुकानात, बँकेत, शाळेत अधिकाराच्या जागी बसाल. तेव्हा या कारणावरून कुणाची नोकरी जाऊ देऊ नका. तुमच्या शिक्षणाचा पहिला लाभ तुमच्या घराला आणि या शहराला मिळो.