एका संगणकाला अनेक पडदे



टेबलावर एकच मॉनिटर असावयाचा, ही घरगुती संगणकाची रूढि आतां मोडूं लागली आहे. पूर्वीं दोन-तीन पडदे मांडून बसलेला मनुष्य शेअरबाजाराच्या कचेरींत किंवा वर्तमानपत्राचीं पानें लावण्याच्या खोलींत दिसावयाचा. आज घरीं बसून भाषांतर करणाऱ्या बाई, हिशेब तपासणारे लेखापाल, इमारतींचे नकाशे काढणारे वास्तुविशारद, हे सारे दुसऱ्या-तिसऱ्या पडद्याची इच्छा धरतात, आणि ती इच्छा केवळ चैनीची आहे असें मला वाटत नाहीं. मूळ मजकूर डावीकडे, भाषांतर समोर आणि कोश उजवीकडे असला, म्हणजे खिडक्यांची सारखी उघडझाप करावी लागत नाहीं. नजर फिरविली कीं काम झालें. या पडद्यांसाठीं संगणकांत कोणतें ग्राफिक्स कार्ड घालावें, एवढ्याच प्रश्नाविषयीं आज मी बोलणार आहें.

एखादे गृहस्थ दुकानांत जाऊन तीन पडद्यांची गोष्ट काढतात, तेव्हां त्यांच्यापुढें पुष्कळदां खेळांसाठीं केलेलें एक भलें थोरलें कार्ड ठेवण्यांत येतें. पडदे अधिक, म्हणून कार्ड अधिक ताकदीचें, असा सरळ हिशेब त्यामागें असतो, आणि तो इतका सयुक्तिक वाटतो कीं पुढें कोणी कांहीं विचारीत नाहीं. माझ्या परिचयाच्या एका भाषांतरकार बाईंना असेंच एक कार्ड सुचविण्यांत आलें होतें. त्याची किंमत त्यांच्या दोन महिन्यांच्या मिळकतीएवढी. शिवाय त्याला पुरेशी वीज त्यांच्या जुन्या पेटींतील पॉवर सप्लाय देऊं शकत नव्हता, म्हणून तो बदलावयाचा. आणि कार्ड लांबीनें पेटींत मावत नव्हतें, म्हणून पेटीहि बदलावयाची. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! बाईंना तर तीन पडद्यांवर नुसतीं अक्षरें पाहावयाचीं होतीं.

ग्राफिक्स कार्ड दोन निराळीं कामें करतें, हें येथें ध्यानांत घ्यावयास पाहिजे. पहिलें काम चित्र रचण्याचें आणि दुसरें तें रचलेलें चित्र पडद्यापर्यंत पोंचविण्याचें. खेळामध्यें पहिलें काम प्रचंड असतें. प्रत्येक क्षणीं प्रकाश, छाया, अंतर, सारें नव्यानें मोजावें लागतें. लिहिलेलें पान मात्र स्थिर असतें. आडवे १९२० व उभे १०८० बिंदु असलेल्या नेहमींच्या पडद्यावर एकंदर २०,७३,६०० बिंदु होतात. प्रत्येक बिंदूस चार बाइट धरले, तर एका चित्राला सुमारें ८३ लाख बाइट, आणि तीन पडद्यांना अडीच कोटींच्या आंत. दोन गिगाबाइट स्मृतीच्या कार्डांत दोनशें कोटींहून अधिक बाइट असतात! विंडोज प्रत्येक खिडकीचें चित्र निराळें राखून ठेवतें, त्यामुळें प्रत्यक्ष खर्च याच्या कित्येक पट होतो. तरीहि लेखनवाचनाच्या कामांत एवढ्या स्मृतीची वाण पडत नाहीं.

अडचण येते ती दुसऱ्या कामांत. प्रत्येक पडद्याला अखंड चित्र पुरविणारी एक स्वतंत्र यंत्रणा कार्डाच्या पोटांत असावी लागते, आणि अशा यंत्रणा मोजक्याच असतात. १९८७ सालच्या ॲपलच्या मॅकिंटॉश टू या यंत्रांत कार्डें बसविण्याच्या सहा जागा होत्या. प्रत्येक पडद्यासाठीं एकेक कार्ड घालावें, असा तेव्हांचा रोखठोक व्यवहार होता. विंडोज ९८ नऊ पडद्यांपर्यंत सांभाळी, पण तेथेंहि बहुधा कार्डांची रांगच लावावी लागे. १९९९ मध्यें कॅनडांतील मॅट्रॉक्स कंपनीचें जी ४०० हें कार्ड एकट्यानें दोन पडदे चालवितें म्हणून गाजलें.

पुढें २००९ सालीं एएमडीनें एका कार्डावर तीन पडदे आणले, आणि त्याबरोबर एक मौजेचा घोटाळाहि आणला. कार्डावर डीव्हीआय, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशीं सारीं तोंडें असत. लोक दोन पडदे डीव्हीआयला आणि तिसरा एचडीएमआयला लावीत, आणि तिसरा पडदा काळाच राही. याचें कारण असें कीं, डीव्हीआय आणि एचडीएमआय यांच्या पडद्यांना आपापला स्वतंत्र ठेका धरणारा तबलजी लागतो, आणि त्या कार्डांत तबलजी होते दोनच. डिस्प्लेपोर्टचे पडदे एकाच सामाईक ठेक्यावर चालूं शकतात. म्हणून तिसरा पडदा डिस्प्लेपोर्टवरच लावावा लागे. दुसऱ्याच वर्षीं त्या कंपनीनें एका कार्डावर सहा पडदे चालवून दाखविले, तेव्हां सहाहि तोंडें लहान आकाराच्या डिस्प्लेपोर्टचीं होतीं, तीं यामुळेंच. एनव्हिडियाचीं घरगुती कार्डें २०१२ पर्यंत दोनच पडद्यांशीं अडून होतीं. त्या सालच्या पिढीपासून त्यांच्या मोठ्या कार्डांवर चार पडदे चालूं लागले.

म्हणून कार्डावरील तोंडें मोजून भागत नाहीं. पांच-पांच तोंडें असलेलीं कित्येक कार्डें एका वेळीं चारच पडदे चालवितात. ताकद आणि पडद्यांची संख्या यांची फारकत किती असते, याचें एक उदाहरण देतों. एएमडीचें २०२२ सालचें आरएक्स ६४०० हें कार्ड खेळांत एनव्हिडियाच्या टी ४०० पेक्षां निःसंशय चपळ आहे. पण त्याला तोंडें दोनच, त्यामुळें नेहमींच्या रीतीनें दोनच पडदे. टी ४०० मात्र तीन पडदे सांभाळतें, आणि तेंहि ३० वॅटमध्यें. त्याचींच भावंडें टी ६०० व टी १००० चार पडदे चालवितात आणि अनुक्रमें ४० व ५० वॅट वीज घेतात. मदरबोर्डाची मोठी खांच कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देऊं शकते, तेव्हां अशा कार्डांना पॉवर सप्लायची निराळी तार जोडावी लागत नाहीं. शिवाय तीं अर्ध्या उंचीचीं असल्यामुळें कचेरींतून निघालेल्या बुटक्या पेट्यांतहि बसूं शकतात. आमच्या भाषांतरकार बाईंनीं अखेर याच जातीचें एक कार्ड घेतलें. पेटी जुनी, पॉवर सप्लाय जुना, आणि कोश उजवीकडे.

अर्थात् ज्यांना चलच्चित्रांचें संपादन करावयाचें आहे, घन आकृति फिरवून पाहावयाच्या आहेत, किंवा ज्यांच्या घरीं खेळांचा शौकीन मुलगा आहे, त्यांना मोठ्या कार्डाची गरज खरी आहे. ती पडद्यांमुळें नव्हे, कामामुळें आहे, एवढेंच माझें म्हणणें.

आतां तारांविषयीं. येथें बिंदूंची संख्या पुन्हा डोकें वर काढते. ज्यांना फोर-के म्हणतात, त्या पडद्यावर ८२,९४,४०० बिंदु असतात, म्हणजे नेहमींच्या पडद्याच्या बरोबर चौपट. ते सेकंदास ६० वेळां पाठवावयाचे, तर सुमारें १२०० कोटी बिटांची वाहतूक होते. एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीला एवढा भार पेलत नाहीं. ती हें चित्र सेकंदास ३० वेळांच देते, आणि मग पडद्यावरील बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. पुष्कळ लोक पडद्याला दोष देतात! २०१३ मधील एचडीएमआय २.० किंवा २०१० मधील डिस्प्लेपोर्ट १.२ असेल, तर हें काम बिनबोभाट होतें. कार्ड, तार आणि पडदा या तिघांत जो सर्वांत जुना, त्याच्या गतीनें सगळ्यांना चालावें लागतें.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे नेणारा जोड स्वस्त मिळतो आणि सामान्यतः चालतो. उलट दिशेनें, म्हणजे एचडीएमआयच्या कार्डावरून डिस्प्लेपोर्टच्या पडद्याकडे जावयाचें असेल, तर तो जोड चालत नाहीं. त्यासाठीं वीज घेणारें निराळें यंत्र लागतें. लहान डिस्प्लेपोर्टच्या कार्डाबरोबर लागणारे जोड पेटींत आहेत कीं निराळे घ्यावयाचे, हेंहि आधीं विचारून घ्यावें. तीन जोडांची किंमत किरकोळ वाटते, पण ती बिलांत येतेच.

कांहीं पडद्यांना डिस्प्लेपोर्ट आंत येण्याचें आणि बाहेर जाण्याचें, अशीं दोन तोंडें असतात. त्यांची साखळी करून एकाच तारेवर अनेक पडदे लावतां येतात. मात्र मॅक वापरणाऱ्यांनीं या साखळीच्या भरीं पडूं नये. तेथें साखळींतील पडदे एकमेकांची नक्कलच दाखवितात. यूएसबीवरून पडदा चालविणारीं यंत्रेंहि मिळतात. त्यांच्यांतील पुष्कळशीं चित्र दाबून पाठविण्याचें ओझें मुख्य प्रोसेसरवर टाकतात. पत्रव्यवहाराला तीं ठीक आहेत, चलच्चित्राला नव्हेत.

दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या पेटीची पाठ एकदां पाहावी. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांतील अंगचे ग्राफिक्स २०१२ सालच्या पिढीपासून तीन पडदे चालवूं शकतात. अट एवढीच कीं, मदरबोर्डाला तितकीं आणि योग्य तीं तोंडें असावींत. प्रोसेसरच्या नांवाच्या शेवटीं एफ हें अक्षर असेल, तर मात्र त्यांत अंगचे ग्राफिक्स नाहींत असें समजावें. ज्यांना दोनच पडदे हवे आहेत, त्यांतील पुष्कळांना कार्डाची आवश्यकताच पडणार नाहीं. कार्ड घातल्यावर मदरबोर्डावरील तोंडें आपोआप बंद होण्याचा संभव असतो. बायॉसमध्यें तीं चालूं ठेवण्याची सोय बहुधा असते, आणि मग एखादा पडदा कार्डाऐवजीं तेथें लावतां येतो.

जुनें कार्ड घेणाऱ्यांनीं, आणि नवें घेणाऱ्यांनींहि, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं सारे पडदे एकदम जोडून पाहावे. एकेक पडदा लावून घेतलेली परीक्षा कार्ड नेहमींच उत्तीर्ण होतें. तिन्ही पडदे एकाच वेळीं उजळले, प्रत्येकाची गति सेकंदास ६० अशी दिसली, आणि संगणक निजवून पुन्हा जागा केल्यावरहि तिन्ही जागे झाले, म्हणजे मगच खोक्याचा पुठ्ठा रद्दीवाल्याला द्यावा.