गुरुजींची एक जून आणि संगणकाची पहाट

आधार कार्ड हाताशी असेल तर त्यावरची जन्मतारीख बघा. बऱ्याच जणींची १ जून निघेल. आईला विचारलं तर ती सांगणार, "पंचमीच्या आदल्या दिवशी झालीस, पाऊस मरणाचा होता." पण शाळेत नाव घालताना जन्माची नोंद कुणाकडे होती? शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि १ जून लावून टाकली. काहींची १ जानेवारी असेल. आधार काढताना नुसतं वय सांगितलं की वर्ष मोजून पहिला दिवस धरला जातो.

तर या १ जूनने माझी फजिती केली. मी संगणकाचे प्रोग्राम लिहिते. आईच्या बचत गटासाठी मोबाईलवर उघडेल असं एक पान करून दिलं: नाव, जन्मतारीख, हप्ता, बैठकीचा दिवस. सगळ्यांची माहिती भरली आणि यादी छापून बैठकीत वाटली. शेजारच्या मावशींनी चष्मा वर केला. "गुरुजींनी एक जून लावली, तू एकतीस मे केलीस? मे महिन्यात शाळा भरत्यात व्हय?" बघते तर सगळ्याच जणींची तारीख एक दिवस मागे. १ जानेवारीवाली तर ३१ डिसेंबरला गेली, म्हणजे वर्षच बदललं. आणि याच यादीवरून विम्याचे अर्ज भरायचे होते.

एका दिवसाने काय होतं, असं म्हणू नका. आधारवर एक तारीख आणि अर्जात दुसरी असली, की नाव बरोबर असूनही जुळणी होत नाही. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा घ्या. वर्षाला ४३६ रुपये, कुटुंबाला २ लाखांचा आधार, आणि त्याचं वर्षच १ जून ते ३१ मे. आत यायचं वय १८ ते ५०. अशा ठिकाणी १ जून आणि ३१ मे हे एका वर्षाचे दिवस नाहीत.

चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती आपल्या पंचांगासारखी आहे. रात्री दोनला बाळ झालं तर दवाखाना नवी तारीख लिहितो, कारण घड्याळाचा दिवस मध्यरात्री बदलतो. आजी मात्र आदलाच वार धरते, कारण तिचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. संगणकाचंही तसंच. जगभरचे संगणक एकमेकांशी बोलताना एकच वेळ धरतात, तिला यूटीसी म्हणतात. आपली भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे तिकडे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. संगणकाची तारीख आपल्या हिशोबाने पहाटे साडेपाचला बदलते, जवळजवळ आजीच्या दिवसासारखी! (आपली साडेपाच तासांची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरची. कोल्हापुरात सूर्य तिच्या अर्धा तास मागेच असतो, पण ते असो.)

मी मावशींची तारीख भरली १ जून. वेळ दिली नाही, म्हणून प्रोग्रामने आपली मध्यरात्र धरली. साठवताना साडेपाच तास वजा केले, तर झाले ३१ मेच्या संध्याकाळचे साडेसहा. मग मी वेळ कापून फक्त तारीख ठेवली. झालं! उपाय अगदी साधा होता: जन्मतारखेला घड्याळ लावायचंच नाही, नुसतं वर्ष, महिना, दिवस लिहून ठेवायचं. हप्ता कधी भरला याला वेळ लागते, जन्माला नाही. आणखी एक गंमत, जावास्क्रिप्ट नावाच्या ज्या भाषेत ही पानं लिहितात तिच्यात महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, जून पाच. नवीन मुलं तिथे हमखास आपटतात.

कुठल्या पावतीवर १ जानेवारी १९७० दिसली आणि ती तुमची तारीख नसली, तर समजा की बहुतेक तारखेचा रकाना रिकामाच गेला. पुष्कळ संगणक काळ मोजतात तो त्या दिवसापासूनचे सेकंद मोजून. काही नाही मिळालं की शून्य धरतात आणि शून्य म्हणजे तोच दिवस.

तिसरी भानगड ०५/०६ची. आपण ५ जून वाचतो, अमेरिकेच्या पद्धतीवर लावलेला संगणक ६ मे वाचतो. तारीख १२च्या पुढची असली तर चूक लगेच उघडी पडते, कारण तेरावा महिना नसतो. १२पर्यंतच्या तारखा मात्र गुपचूप बदलतात. गटाच्या वहीत, कर्जाच्या कागदावर महिना अक्षरात लिहा: ५ जून २०२५.

केंद्रावर अर्ज भरताना, पाठवायच्या आधी पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. आधार शेजारी धरून तारीख मोठ्याने वाचा. पावती हातात आली की दारातच पुन्हा बघा, कारण माझ्या पानावर भरताना तारीख बरोबरच दिसत होती, बिघडली ती साठवल्यावर. आधारवरची तारीख बदलायला मात्र उगाच धावू नका. ती साधारणपणे एकदाच बदलून मिळते, आणि चूक पावतीत असेल तर पावतीच दुरुस्त करून घ्यायची.

मावशींची यादी मी त्याच रात्री परत छापली. त्यांनी ती आधारशी ताडून बघितली, मगच अंगठ्याऐवजी सही केली.