अहिंसा आणि घरचा कचरा

योग म्हटलं की आपल्याला सतरंजी आणि आसनं आठवतात. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं आहे. त्याच्या आधी यम आणि नियम येतात, आणि पाच यमांत पहिला मान अहिंसेचा.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात मासेमारी करणाऱ्याचा दाखला आहे. माशांखेरीज कोणाला मारणार नाही, तीर्थावर मारणार नाही, चतुर्दशीला मारणार नाही, अशी सोयीसोयीने आखलेली ती अहिंसा. अहिंसा हे महाव्रत आहे, आणि महाव्रताला अशी पळवाट नसते. आपण काय करतो? श्रावण कडक पाळतो आणि त्याच श्रावणात कामाच्या मावशींना उशीर झाला म्हणून चारचौघांत त्यांचा पाणउतारा करतो.

पतंजली हिंसेचे तीन प्रकार सांगतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह. शिवाय ती सौम्य, मध्यम किंवा तीव्र. भाष्यकार या पायऱ्यांचेही पोटभेद करतात आणि हिशेब 81 प्रकारांवर नेतात. मला ही बारकाई फार मोलाची वाटते, कारण तुमची-माझी हिंसा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातून होते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

पुण्यातलंच बघा. 1993 साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे तिच्यातून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. या कामात बहुसंख्य बायका आहेत. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, मग तो हाताने निवडायचा. आपल्या हातून काचेचा पेला फुटतो, आपण तुकडे केरसुणीने गोळा करून खरकट्याच्या पिशवीत टाकतो, वर गाठ मारतो. ती गाठ सोडणारा हात कापतो. वापरलेली सॅनिटरी पॅडं तशीच उघडी टाकली जातात, तीही त्याच हातांना उचलावी लागतात. ती कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच या बायकांचं मागणं आहे.

‘अहो, यात योग कुठला?’ असं कोणी विचारील. हाच योग. इथे राग नाही, द्वेष नाही; आहे तो मोह, म्हणजे समोरचं माणूस न दिसणं. मनात हिंसेचा विचार उठला की उलट विचार जागवावा, तिच्या पोटी अनंत दुःख आणि अज्ञान आहे हे आठवावं, असं पतंजली सांगतात. तो सराव कचऱ्याच्या डब्यापाशी करता येतो. दुःखितांविषयी करुणा बाळगावी, हेही सूत्रांतच आहे, आणि तिथे ती चित्त निर्मळ करण्याचा उपाय म्हणून येते. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन किती विस्ताराने केलं आहे! मनातली अहिंसा चालण्यात, बघण्यात, बोलण्यात, हातांत उतरते, असं ते दाखवतात.

आता तीव्र हिंसेकडे येतो. मैलाटाकीत सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं उतरवली जातात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. ठेकेदाराला स्वस्तात काम सांगणारी सोसायटी ही हिंसा करवते, आणि सभेत बसून मान डोलावणारा तिला संमती देतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर फुटकी काच वेगळी बांधा, वर ‘काच’ असं लिहा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत टाकी यंत्रानेच साफ करायचा ठराव मांडा. खर्चावरून कोणी कुरकुर केली, तर गप्प बसू नका.