एकत्र काम म्हणजे वाटून घेतलेले काम

(दुष्काळनिवारण समितीच्या वर्गणीदारांपुढे वाचलेले भाषण)



समितीच्या जमाखर्चाचा तक्ता आपल्या हाती आहेच. तो वाचण्यापूर्वी एका प्रश्नाचा आपण विचार करावा, अशी आमची विनंती आहे. देशोदेशींच्या परोपकारी संस्था वेळोवेळी परिषदा भरवितात, आणि दारिद्र्याशी सर्वांनी मिळून झुंजावे असा ठराव करून उठतात. ठराव चांगलाच आहे. परंतु ‘मिळून’ म्हणजे नेमके काय, हे खानदेशातील माणसाने विचारले पाहिजे. कारण परिषदेत ज्याच्या नावाने बोलले जाते, तो माणूस आपल्या शेजारी राहतो.

उत्तर शोधण्यास फार लांब जावयास नको. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फडबागायतीची रीत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका हंगामी एकच पीक. आणि खातेदाराची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत वाटलेली. पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा एकट्याच्या डोक्यावर बसत नाही, सर्वांच्या वाट्यास थोडाथोडा येतो. पाणी देणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमावयाचा, त्याचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यावयाचा, आणि तंटा पडल्यास निवाडा पंचांचा. पुढे धरणे व विहिरी झाल्यावर पुष्कळ ठिकाणी ही रीत मोडली. पण तिच्यातील शहाणपण मोडलेले नाही. वाटणी आगाऊ ठरलेली असावी, पाणी सोडणारा हात ओळखीचा व जबाबदार असावा, आणि ज्याचे शेत भिजावयाचे त्याला पंचांत जागा असावी. धर्मादायाच्या कोणत्याही मोठ्या योजनेस आम्ही ह्याच तीन कसोट्या लावतो.

मागील काळाकडे पाहू. १८७६-७८ च्या दुष्काळात लंडन येथे लॉर्ड मेयर यांच्या पुढाकाराने निधी जमला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने दख्खनच्या जिल्ह्यांतील हकिगती गोळा करून सरकारपुढे मांडल्या. दान होते, माहितीही होती. तथापि सरकारी कामांवरील मजुरी सुमारे एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतक्यावर उतरविली गेली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांना पंचांत कोणी घेतलेच नव्हते. काम सोडणे एवढेच त्यांचे मत देण्याचे साधन उरले. त्यानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला व पुढे दुष्काळाचे नियम तयार झाले.

१८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला संवत १९५६ वरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात, खानदेशासही कठीण गेला. त्या वेळी ख्रिश्चन हेराल्ड ह्या अमेरिकन पत्राच्या हाकेवरून मका भरलेली ‘क्विटो’ नावाची आगबोट १९०० साली न्यूयॉर्कहून मुंबईस आली. देशात व विलायतेत मिळून धर्मादाय निधीत कोटीहून अधिक रुपये जमले. ह्या निधीची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जीव वाचविणे हे सरकारचे काम ठरवून निधीने आपले काम चार कलमांत बांधून घेतले होते: सरकारी शिध्यास थोडी जोड देणे, अनाथ मुलांचा सांभाळ, अब्रूखातर उघड हात न पसरणाऱ्या गरिबांस मदत, आणि सर्वस्व गेलेल्यांस बैल, बी-बियाणे देऊन पुन्हा उभे करणे. ही खरी वाटणी होय. आमच्या मते चौथे कलम सर्वांत मोलाचे; कारण शिध्याने माणूस आजचा दिवस काढतो, पण बैलाची जोडी विकून बसलेला शेतकरी पाऊस पडला तरी पेरू शकत नाही. त्याचा दुष्काळ पावसाने संपत नाही.

तरीही त्या व्यवस्थेत उणीव होतीच. डोंगराळ व जंगली मुलखातील लोक सरकारी कामांवर येण्यास कचरतात, ही गोष्ट त्या काळच्या चौकशीत पुढे आली होती. पाट त्यांच्या दारापर्यंत पोहोचलाच नव्हता. दुसरी उणीव साऱ्याची. एका हाताने मदत व दुसऱ्या हाताने वसुली, असे चालले तर दानाचा पैसा शेतकऱ्याच्या हातून सरळ खजिन्यात जातो. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० साली लॉर्ड कर्झन यांस लिहिलेल्या जाहीर पत्रांत साऱ्याच्या भाराचा हाच प्रश्न मांडला. पुढे १९३६ च्या डिसेंबरात आपल्याच जळगाव भागातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा शेतकऱ्यांवरील सारा व कर्ज यांचा भार हलका करण्याचा कार्यक्रम तेथे मंजूर झाला. भाकरी आणि सारा हे दोन वेगळे विषय नव्हेत, हे खानदेशच्या मातीवर त्या वेळी मान्य झाले.

आता परिषदांविषयी. १९४३ च्या मे-जून महिन्यांत अमेरिकेत हॉट स्प्रिंग्ज येथे अन्न व शेती ह्या विषयावर ४४ राष्ट्रांची परिषद भरली. हिंदुस्थानचे प्रतिनिधी तेथे होते. जगातील प्रत्येक माणसास पुरेसे अन्न मिळावे, असा तिचा हेतू. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. म्हणून परिषद निरर्थक, असे आम्ही म्हणत नाही. तिच्यातूनच १९४५ साली अन्न व शेती संघटना निघाली. आणि बंगालच्या दुष्काळात मदतकार्य केलेले बिनय रंजन सेन हे १९५६ ते १९६७ पर्यंत तिचे प्रमुख होते. भूकमुक्तीची जागतिक मोहीम १९६० साली त्यांनीच सुरू केली. ज्याने उपासमार डोळ्यांनी पाहिली, तो पंचांत बसल्यावर संस्थेच्या कामास वेगळी धार येते. परंतु परिषद व पेरणी यांच्यामध्ये पाट खणलेला नसेल, तर ठरावाचे पाणी नदीतच राहते, हे १९४३ साल आपणांस शिकविते.

पाट खणला गेला तर काय होते, हे १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने पाहिले. बाहेरच्या देशांतून मिलो आली. ती लोकांस रुचली नाही, तरी पोटात गेली. सुकडी वाटली गेली. पण लोक तगले ते मुख्यतः कामावर. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. मजुरी हाती आल्याने माणसाने स्वतः धान्य विकत घेतले. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना ह्यानंतर राज्यभर रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला व १९७९ च्या जानेवारीपासून तो अमलात आला. तिच्या खर्चाकरिता १९७५ साली शहरांतील पगारदारांवर व व्यावसायिकांवर कर बसला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा शिंदखेड्याच्या बांधावरील मजुराच्या हाती जाऊ लागला. यात उपकार नाही, हक्क आहे. मदत मागावी लागत नाही, काम मागता येते. २००५ साली केंद्रानेही अशा कामाच्या हमीचा कायदा केला, त्याचे मूळ येथे होते.

ह्या सर्व अनुभवाचे सार काढून, देशी असो वा परदेशी, मदत घेऊन येणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे आम्ही चार मागण्या ठेवितो. एक: कोणी चारा द्यावयाचा, कोणी पाणी, कोणी बियाणे, हे चैत्रात ठरावे, आषाढ कोरडा गेल्यावर नव्हे. दोन: एका गावात मदत घेणाऱ्यांची यादी एकच असावी आणि ती चावडीवर लावावी, म्हणजे एका घरी तिघे जाणार नाहीत व दुसरे घर वगळले जाणार नाही. तीन: निधीचा ठराविक हिस्सा पुन्हा उभे करण्यासाठी राखावा, आणि तो शिध्यावर खर्चू नये. चार: मदत घेणाऱ्यांपैकी माणसे, त्यांत स्त्रिया व पाड्यांवरील लोकही, वाटपाच्या पंचांत असावीत. ज्या संस्थेस हे मान्य नाही, तिने परिषदेत कितीही गोड भाषण केले तरी ती मिळून काम करीत नाही, शेजारी उभी राहून काम करते.

२०१८ साली राज्यातील १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्यांत जळगाव व धुळे ह्या दोन्ही जिल्ह्यांचे तालुके होते. तसे वर्ष पुन्हा येणारच नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? म्हणून सुकाळातच आपणांकडे झोळी घेऊन येण्याचे धाडस आम्ही करीत आहो. कोणी पैसा द्यावा, कोणी कडब्याच्या पेंढ्या, कोणी बियाण्याची पायली, आणि ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याने यादी करण्याकरिता आठ दिवस द्यावेत. वर्गणी लहान आहे म्हणून संकोच करू नये. पाटाचे पाणी थेंबाथेंबानेच जमते. मात्र दिल्यानंतर हिशेब मागावयास अवश्य यावे. आपण हिशेब मागाल, तरच आमचा हात जबाबदार राहील.