वृद्धांच्या सेवेची एक विद्या

(मंडळाच्या नाशिक येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात झालेले भाषण)



गुणवंतांचे कौतुक करावे आणि खाली बसावे, एवढेच आमचे आजचे काम होते. परंतु बक्षीस घेण्यास आलेल्या प्रत्येकास आम्ही ‘पुढे काय?’ असे विचारले, तेव्हा डॉक्टर आणि इंजिनियर यांखेरीज तिसरा शब्द क्वचितच कानी आला. सबब एका तिसऱ्या शब्दाविषयी चार वाक्ये बोलतो. तो शब्द व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी.

नावावरून गैरसमज होतो. येथे व्यवसाय म्हणजे पोटाचा धंदा नव्हे. सकाळी दात घासण्यापासून रात्री अंथरूण घालण्यापर्यंत मनुष्य जे जे स्वहस्ते करतो, ते सारे व्यवसायच होय. आजाराने वा वयाने ते सुटले म्हणजे पुन्हा करावयास शिकविणारी ही विद्या.

घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या तीर्थरूपांस उतारवयात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. औषधोपचाराने जीव वाचला आणि आम्ही त्यांस जुन्या नाशकातील आमच्या वाड्यात घेऊन आलो. मग सर्वांनी मिळून सेवा आरंभली. घास आम्ही भरवीत असू, सदरा आम्ही घालीत असू, पाण्याचा पेलादेखील उचलू देत नसू. ‘तुम्ही स्वस्थ बसा’ हे वाक्य त्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जाई! एकदा डाव्या हाताने गंध उगाळू लागले, तर सहाणही आम्ही उचलून ठेवली. वर्षभरात ते खरोखरच स्वस्थ झाले, बोलेनासे झाले. घरी पाठविताना आम्हांस कोणी काही शिकविले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

पुष्कळ वर्षांनी एका आप्तांकडे बसलो असता तेथील आजोबांसाठी एक तरुण व्यवसायोपचारतज्ज्ञ बाई आल्या. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, काढताना चांगला हात आधी सोडवावा, हे त्यांनी आजोबांकडूनच करवून घेतले. चमच्याच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड केला. अशक्त मुठीत असा चमचा टिकतो. मग घरभर हिंडून मोरीत धरावयास दांडी कोठे हवी, उंबरा नजरेत भरावा म्हणून त्यास कोणता रंग द्यावा, रात्रीच्या वाटेवर दिवा कोठे असावा, हे सांगितले. सारे तासाभराचे काम. आम्हांस मात्र ती सहाण आठवली.

स्मृतिभ्रंशातही हीच दृष्टी असते. नातवाचे नाव विसरलेल्या आजींचे हात वाती वळणे पुष्कळदा विसरलेले नसतात. आजार बरा होत नाही. पण दिवस रिकामा जात नाही.

ही विद्या येथे रुजविली कमलाबाई निंबकर यांनी. मूळच्या त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विवाहाने निंबकर झाल्या. अमेरिकेत हे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय काढले. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक महासंघ निघाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता.

विद्यार्थ्यांसाठी थोडी माहिती. बारावीस जीवशास्त्र हवे, नंतर नीट परीक्षा. प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या काळासह पाच वर्षे हिशेबात धरावीत. मुंबईत के. ई. एम., शीव व नायर, तसेच नागपुरात शासकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. आमच्यापैकी कित्येकांनी त्याची इमारत दिंडोरी रस्त्यावरून जाताना केवळ पाहिली आहे. पदवीनंतर पुष्कळजण बालकांच्या उपचाराकडे वळतात. वृद्धांकडे वळणाऱ्यास रुग्णालये, वृद्धाश्रम व घरोघरच्या भेटी ही क्षेत्रे आहेत.

पालकांपासून अडचणीही लपवीत नाही. औषधाचे पैसे लोक मुकाट्याने देतात, शिकविण्याचे देताना घासाघीस करतात. आरंभीची काही वर्षे डॉक्टरांशी ओळखी करण्यात जातात. सुधारणा इतकी सावकाश होते की, स्वतःची बटणे स्वतः लावता येणे हाच एखाद्या महिन्याचा निकाल असतो. हे ज्यास कंटाळवाणे वाटेल त्याने या वाटेस जाऊ नये.

ज्यास तसे वाटणार नाही, त्याने अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या व्यवसायोपचारतज्ज्ञांची परवानगी घेऊन त्यांच्याबरोबर एक दिवस काढावा. तशी गाठ घालून देण्याची खटपट आम्ही करू; अल्पोपाहारानंतर आम्ही याच खुर्चीवर बसलेलो असू.